पांढरी तीनची बासरी, भांडुपचे काका आणि दादरचा शनिवारचा वर्ग

बासरी घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या पट्टीची देऊ?" पहिल्यांदा मला हे विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुकानदाराने त्याच्या मनाने एक काढून दिली आणि मी ती पिशवीत घालून घरी आले. त्या एका प्रश्नाचं नीट उत्तर मिळायला तीन वर्षं गेली. आज माझ्याकडे आहे ती पांढरी तीनची, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला जुळणारी बासरी भांडुपच्या एका कारागीर काकांनी बनवलेली आहे, आणि ती वाजवायला मी शिकते ती दादरला, शनिवारी सकाळी भरणाऱ्या एका छोट्या वर्गात. दोन्हींबद्दल लिहिते. काका घरातच काम करतात आणि सरांच्या वर्गात जागा नाही, म्हणून दोघांनीही नाव छापू नका असं सांगितलंय. पण बासरी कशी पारखायची आणि शिकवणाऱ्याकडून काय मिळायला हवं, ते सांगायला नावांची गरज नाही.

मी मुलुंड पूर्वेला राहते. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी १९८ वर, म्हणजे फोन बंद पडल्याच्या तक्रारी घ्यायला. २०२० साली स्वेच्छानिवृत्ती घेतली. गाण्याचं शिक्षण काहीच नाही. लहानपणी आईबरोबर भजनी मंडळात टाळ धरला तेवढाच. बासरी मात्र मनात कायम होती. कोणी वाजवत असलं की हातातलं काम थांबायचं.

पहिली बासरी घेतली शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ. उंच काठीला बासऱ्या खोचून एक जण वाजवत चालला होता, इतकं गोड की मी त्याच्या मागे चार पावलं गेले. दीडशे रुपयांना घेतली. घरी तिच्यातून नुसती हवा आली, आणि महिनाभराने आवाज आला तो असा की कुठल्याच गाण्याशी जुळेना. आता कळतं, तो माणूस उत्तम वादक होता. बासरीतलं उणं तो ओठांनी आणि फुंकेने सांभाळून घेत होता. शिकणाऱ्याला ते जमत नाही. शिकणाऱ्याच्या हातात वाद्य खरं असावं लागतं, कारण त्याच्या कानाला अजून खऱ्याची ओळख व्हायची असते.

दुसरी घेतली एका वाद्यांच्या दुकानातून, चौदाशे रुपयांना. पांढरी पाचची, अंगावर पट्टी कोरलेली, लाल दोरा गुंडाळलेला, दिसायला सुरेख. तेव्हा टाळेबंदी नुकतीच उठली होती आणि मी फोनवर एक रेकॉर्ड केलेला कोर्स घेतला होता. व्हिडिओतले शिक्षक छान समजावत. पण व्हिडिओला मी काय वाजवते ते ऐकू जात नाही. वर्षभर मी वरचा पंचम लावत राहिले आणि तो दर वेळी मेल्यासारखा खाली बसत राहिला. आपल्याला सूरच नाही, हे मी जवळजवळ धरूनच चालले होते.

दादरच्या वर्गात पहिल्या शनिवारी सरांनी ती बासरी मागून घेतली. सहाही छिद्रं बंद करून खालचा पंचम लावला, मग बोटं न हलवता फुंक बारीक करून वरचा पंचम लावला. पुन्हा खालचा, पुन्हा वरचा. मग म्हणाले, "ताई, यात तुमची काही चूक नाही. हिचे दोन पंचम एकमेकांना ओळखतच नाहीत."

हे एक वाक्य ऐकून मला जे वाटलं ते सांगता येणार नाही. वर्षभराचं ओझं होतं ते.

तेव्हा बासरी घेणाऱ्याने दुकानातच करायची पहिली परीक्षा ही: सहाही छिद्रं बंद करून मंद्र (खालचा) पंचम आणि मध्य (वरचा) पंचम एकापाठोपाठ वाजवून घ्या. स्वतःला येत नसेल तर दुकानदाराला वाजवायला सांगा आणि तुम्ही फक्त ऐका. दोन्ही सूर एकच, फक्त एक खाली आणि एक वर, असं वाटलं पाहिजे. वरचा किंचित उतरलेला किंवा चढलेला लागला तर ती बासरी कणसुरी आहे, मग रंग कितीही छान असो. यात नळीचा आकार असतो, छिद्रांची जागा असते आणि फुंकायच्या छिद्राच्या पलीकडे आत जे बूच बसवलेलं असतं त्याची जागाही असते. बूच थोडं सरकलं की खालच्या आणि वरच्या सप्तकातलं अंतर बदलतं. माझ्या पांढऱ्या पाचचं बूच सरांनी सरकवून पाहिलं. थोडी सुधारली, पण पुरती नाही.

दुसरी परीक्षा मध्य षड्जाची, म्हणजे साची, आणि त्यासाठी बोटांचा हिशोब माहीत हवा. फुंकायच्या छिद्राकडून मोजायचं. पहिली तीन छिद्रं बंद आणि खालची तीन उघडी, हा सा. तिसरं उघडलं की रे. दुसरंही उघडून फक्त पहिलं बंद ठेवलं की ग. सगळी उघडली की तीव्र मध्यम. सगळी बंद केली की पंचम. मग खालून एकेक उघडत ध आणि नी, आणि खालची तीन उघडली की वरचा सा. म्हणजे मध्य सा आणि तार सा यांची बोटं एकच, बदलते ती फुंक. तेही दोन्ही लावून ऐकायचे. "पांढरी तीन" म्हणजे पेटीची तिसरी पांढरी पट्टी, आणि बासरीवर ती पट्टी या तीन बोटांच्या साची असते, सगळी बंद करून येणाऱ्या सुराची नव्हे. दुकानात हा घोटाळा होतो, म्हणून मुद्दाम सांगते.

आता शुद्ध मध्यम कुठे गेला? तो बासरीत कुठेच नाही. पहिलं छिद्र अर्धं उघडायचं, तेव्हा तो येतो. याबद्दल पुढे लिहिणार आहे, कारण माझे चार महिने तिथे गेले.

भांडुपच्या काकांकडे मला सरांनीच पाठवलं. भांडुप पश्चिमेला डोंगराच्या चढावर चाळी आहेत, तिथे एका दहा बाय बाराच्या खोलीत काका काम करतात. वय पासष्टच्या पुढे. गिरणी बंद पडल्यावर सासऱ्यांकडून हे काम शिकले. दारात पाऊल टाकताच जळक्या बांबूचा वास येतो, कारण छिद्रं ड्रिलने पाडत नाहीत, स्टोव्हवर तापवलेल्या सळईने पाडतात. कोपऱ्यात बांबूच्या मोळ्या उभ्या. बांबू आसामातून येतो. आपल्याकडचा बांबू जाड सालीचा आणि आखूड पेराचा. बासरीला पातळ सालीचा आणि लांब पेराचा लागतो, म्हणजे मधे गाठ न येता एवढी लांब नळी मिळते. उत्तर प्रदेशातलं पिलीभीत बासऱ्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं, तिथेही बांबू आसामातूनच जातो. काका मोळी आल्यावर दोन पावसाळे तशीच ठेवतात. "मुंबईचा पावसाळा बघितल्याशिवाय बांबूवर विश्वास नाही," हे त्यांचं म्हणणं. ज्याला तडा जायचा त्याला इथेच जाऊ दे, गिऱ्हाइकाच्या घरी नको.

मी सांगितलं, पांढरी तीन हवी. काकांनी माझा हात हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "ताई, बोटं आखूड आहेत. पांढरी पाचच घ्या, सुखाने वाजवाल." मला पांढरी तीनच हवी होती आणि त्याला कारण होतं. सरांच्या वर्गात सगळे त्याच पट्टीत वाजवतात. शिवाय लांब बासरीचा खालचा आवाज, तो घुमारा, तो एकदा कानात बसला की आखूड बासरी अपुरी वाटते. पूर्वी बासरी ही लोकसंगीताची, छोटी गोष्ट समजत. १९११ साली बारिसालला जन्मलेल्या बासरीवादक पन्नालाल घोषांनी ती लांब केली, सुमारे ३२ इंचांची, ख्यालातला मंद्र आलाप तिच्यात मावावा म्हणून. आणि एक सातवं छिद्रही पाडलं. १९६० साली, पन्नाशीही गाठायच्या आत ते गेले. पण तोवर बासरी मैफलीत बसली होती. आज शास्त्रीय संगीतासाठी कोणी बासरी मागितली की पांढरी तीनच पुढे येते, त्यामागे ही वाट आहे.

काकांनी मग कागद पसरला. माझा उजवा पंजा त्यावर ठेवून पेन्सिल फिरवली, मग डावा. विचारलं, बासरी उजवीकडे धरता की डावीकडे? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. हरिप्रसाद चौरसिया बासरी डाव्या बाजूला धरतात. अन्नपूर्णादेवींकडे शिकायला लागल्यावर त्यांनी बाजूच बदलली, नव्याने सुरुवात करायची म्हणून. बहुतेक जण उजवीकडे धरतात. काकांनी माझ्यासाठी सहावं छिद्र सरळ रेषेत न पाडता अनामिकेच्या बाजूला जरा काढून दिलं. ते ज्या अंगाला काढलंय त्याच अंगाने धरली तर फायदा. उलट धरणाऱ्याला तीच बासरी अडचणीची. तयार बासरी घेताना हे छिद्र कुठे वळलंय ते बघून घ्या.

तीन आठवड्यांनी बासरी मिळाली. लांबी ७४ सेंटीमीटर, किंमत ३,८००. रंग नाही, पॉलिश नाही, काळा दोरा सहा ठिकाणी घट्ट. दोरा शोभेचा नसतो, बांबू उलू नये म्हणून असतो. वजन इतकं कमी की पहिल्यांदा उचलली तेव्हा भीती वाटली. दोन पंचम एकमेकांना ओळखतात. तार सप्तकातला गंधार न चिडता येतो. एक उणं आहे: तिचा मंद्र धैवत जरा मऊ आहे, जोर दिला की फाटतो. काकांना दाखवला तर म्हणाले, बांबू आहे, सगळं एकसारखं देत नाही, फुंक हलकी ठेवा. सरांनी वाजवला तेव्हा फाटला नाही. म्हणजे त्यातला किती दोष बासरीचा आणि किती माझा, हे अजून ठरायचंय.

माझ्यासारखे छोटे हात असणाऱ्या बायकांनी आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या आईबापांनी एक ऐकावं. सहावं छिद्र झाकताना अनामिका ताणली जाते आणि बाजूने बारीकशी हवा निसटते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण पंचम बोलत नाही. मी दीड महिना फुंकेला दोष देत होते. उपाय असा की बोटाच्या टोकाने झाकायचं नाही, बोट सपाट ठेवून पेराच्या मांसल भागाने झाकायचं. मराठीत बोटाचंही पेर आणि बांबूचंही पेर. पेरावर पेर बसलं की हवा अडते. सा लावायचा, तो सोडायचा नाही, आणि चौथं, पाचवं, सहावं छिद्र एकेक करून बंद करत खाली उतरायचं. जिथे आवाज तुटेल त्या बोटाची चूक. हात खरंच पुरत नसेल तर पांढरी पाचवर दोन वर्षं काढायला काहीच हरकत नाही. बोटं तीच, शिक्षण तेच. मनगट दुखवून घेऊ नका.

आता वर्ग. दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या बाजूला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जिन्याने वर गेलं की एक लांबट खोली. शनिवारी सकाळी साडेसात ते साडेआठ. मी मुलुंडहून सहा चाळीसची स्लो पकडते. शनिवार असल्याने बसायला जागा मिळते, बासरी आडवी मांडीवर ठेवता येते. स्टेशनातून फुलबाजाराच्या बाजूने बाहेर पडायचं, शेवंतीच्या आणि झेंडूच्या टोपल्यांतून वाट काढत. आम्ही सहा जण आहोत: दोन कॉलेजची मुलं, एक बँकेतले गृहस्थ, एक डॉक्टर बाई, एक बारा वर्षांचा मुलगा आणि मी. फी महिन्याला पंधराशे.

पहिले अडीच महिने सरांनी वाजवायला सा सोडून काही दिलं नाही. तानपुरा लावायचा, डोळे मिटायचे, सा. एका श्वासाचा सा, मग विश्रांती, मग पुन्हा सा. कॉलेजच्या मुलांतला एक जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सिनेमाचं गाणं शिकवा म्हणाला. सरांनी त्याला ते वाजवून दाखवलं, फार छान, आणि मग म्हणाले, "आता याच्यातला सा कुठला ते दाखव." त्याला दाखवता आला नाही. मलाही आला नसता.

सा लांबवताना काय होतं ते सांगते. सुरुवातीला तो सरळ आहे असं वाटतं. मग तानपुऱ्याबरोबर कान जुळला की लक्षात येतं, तो डगमगतो. श्वास संपत आला की उतरतो. ओठ आवळले की चढतो. बासरी ओठांवर थोडी आत वळली की उतरते, बाहेर वळली की चढते. म्हणजे छिद्र बंद केलं आणि सूर आला असं नाहीच. छिद्र फक्त घर दाखवतं, आत जायचं ते फुंकेने आणि कानाने. पेटीवर पट्टी दाबली की सूर तयार मिळतो. बासरीवर प्रत्येक सूर दर वेळी नव्याने करावा लागतो. हे मला त्या कोर्सच्या साठ व्हिडिओंतून कळलं नव्हतं, सरांच्या दहा शनिवारांत कळलं.

मग गंधाराचा शनिवार. मी फोनवर सूर मोजायचं ॲप ठेवून सराव करायचे. काटा मधोमध आला की हिरवा दिवा. मला वाटायचं, याहून खरं ते काय असणार. सरांनी गंधार लावायला सांगितला, मी काटा मधोमध आणून लावला. सर म्हणाले, "हिरवा दिवा लागला ना? आता फोन उलटा ठेवा आणि तानपुरा ऐका." तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून, नीट लक्ष दिलं तर, आपोआप एक गंधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो कोणी छेडलेला नसतो, तारेच्या पोटातूनच येतो. मी त्याच्यावर माझा गंधार ठेवला तर दोन्ही घासत होते. सर म्हणाले, थोडा खाली या. अजून थोडा. आणि मग एकदम घासणं थांबलं, खोलीत जणू एकच आवाज उरला. फोन पाहिला तर काटा डावीकडे, दिवा लाल, चौदा सेंट कमी.

कारण असं आहे की ॲप पेटीच्या हिशोबाने मोजतं. सप्तकाचे बारा सारखे भाग, प्रत्येकी शंभर सेंट. त्या हिशोबाने गंधार ४०० सेंटवर. तानपुऱ्यातला गंधार साच्या सव्वा पट असतो, तो ३८६ वर पडतो. धैवतात सोळाचा फरक, निषादात बाराचा. पंचमात जेमतेम दोनाचा, म्हणून पंचमाला कोणी भांडत नाही. हे आकडे बँकेतल्या गृहस्थांनी वहीत मांडून दाखवले, पण कानाला ते आधीच पटलं होतं. त्या दिवसापासून मी ॲप फक्त तानपुऱ्यासाठी वापरते. बासरी घेताना कारागिराला हेही विचारा की तो कशावर जुळवतो. भांडुपचे काका छिद्र शेवटी कानशीने घासतात ते तानपुरा लावून, यंत्रावर नाही.

त्याच काळात सरांशी बोलताना मी माझ्या नोकरीबद्दल सांगितलं. सर म्हणाले, मग तुमच्या कानात एक सूर पक्का असणार. टेलिफोनची डायल टोन! ती ४०० हर्ट्झची, तिच्यात एक थरथर. पांढरी पाचच्या किंचित वर. आणि माझ्या पांढरी तीनच्या सापासून मोजली तर कोमल गंधाराच्या जरा वर. घरी जाऊन मी डोळे मिटून ती आठवली, गुणगुणले, आणि बासरीवर शोधली. पहिलं छिद्र बंद, दुसरं अर्ध्याहून थोडं जास्त उघडं. सापडली. इतकी वर्षं लोकांच्या फोनमध्ये ती आहे की नाही एवढंच मी तपासत होते, आणि ती सूर म्हणून माझ्याकडे जमा होत होती. सूरच नाही असं जिला वाटत होतं, तिच्या कानात एक सूर कधीपासून राहायला आला होता.

शुद्ध मध्यमाचे चार महिने. सरांचा क्रम चांगला आहे: आधी भूप राग दिला, कारण भूपात मध्यम आणि निषाद नाहीतच, सगळी छिद्रं पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडी. मग यमन, कारण यमनाचा तीव्र मध्यम सगळी बोटं उचलली की मिळतो. (सगळी बोटं उचलली की बासरी अंगठ्यांवर आणि ओठांवर तोलायची असते, करंगळीचा थोडा आधार, पहिल्यांदा ती हातातून निसटणार असं वाटतंच.) मग बिलावल, आणि तिथे अर्धं छिद्र. तर्जनी उचलायची नाही, किंचित कलंडवायची. किती? प्रत्येकाच्या बोटाची जाडी वेगळी, म्हणून कोणी सांगू शकत नाही. जास्त उघडलं की तीव्राकडे पळतो, कमी उघडलं की गंधाराला चिकटतो. आणि तिथून पंचमाला जायचं म्हणजे एका अर्ध्या बोटावरून सहाही बोटं एकदम खाली. माझी अनामिका नेहमी उशिरा पोचायची.

सरांनी उपाय दिला तो बोटांचा नव्हता. म्हणाले, ग म प गा. मी लाजले. सगळ्यांनी मिळून गायलं. मग बासरी. मग पुन्हा गायलं. बोटाने मध्यम शोधायचा नाही, गळ्यातला मध्यम ऐकत राहायचं आणि बोटाला त्याच्याकडे जाऊ द्यायचं. पावसाळ्यातल्या एका शनिवारी, बाहेर इतका पाऊस की आम्ही तिघंच पोचलो होतो, माझा मध्यम लागला. सर काही बोलले नाहीत, नुसता तानपुऱ्याचा आवाज थोडा वाढवला.

सूर कागदावर लिहायची भातखंड्यांची लिपी सर पहिल्या महिन्यातच शिकवतात: कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली बिंदू, तारला वर बिंदू. विष्णु नारायण भातखंडे मुंबईचेच, १८६० साली वाळकेश्वरला जन्मलेले. माझ्या वहीत बंदिशी आता मीच उतरवते, आणि ट्रेनमध्ये नुसती वाचूनही सराव होतो.

वर्गाच्या न आवडलेल्या गोष्टी. सहा जणांत एक तास म्हणजे आपल्या वाट्याला आठ-दहा मिनिटं. त्यात बारा वर्षांचा मुलगा आणि मी एकाच पाठावर, त्याची बोटं माझ्या दुप्पट वेगाने पळतात आणि माझा सूर त्याच्याहून स्थिर, तरी दोघांना एकच गत द्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीत सरांचे कार्यक्रम असतात, तेव्हा महिन्यातले दोन-दोन शनिवार बुडतात आणि त्यांची भरपाई दर वेळी होत नाही. मागच्या वर्षी मी ते सरांना सांगितलं. यंदा त्यांनी एप्रिलमध्ये दोन तास जास्त घेतले. रेकॉर्डिंग करू देत नाहीत. त्यांचं कारण मला कळतं, तरी घरी आल्यावर फार उणीव भासते. जिना उंच आहे, गुडघेदुखी असणाऱ्यांनी विचार करावा. आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षांची तयारी इथे होत नाही. ज्यांना प्रमाणपत्र हवंय त्यांनी दुसरीकडे बघावं, त्यात काही कमीपणा नाही. पूर्ण वेळ बासरीलाच वाहून घ्यायचं असेल तर मुंबईतच, जुहूला, चौरसियांचं वृंदावन गुरुकुल आहे. तो वेगळा मार्ग आहे.

सांभाळायचं थोडक्यात. पावसाळ्यात बासरी बंद पिशवीत ठेवली की आतून बुरशी येते. मी सुती कापडात गुंडाळून कपाटाच्या वर आडवी ठेवते. वाजवून झाल्यावर काठीला मलमल गुंडाळून आतून पुसायची. दोन-तीन महिन्यांनी मोहरीच्या तेलाचा पुसट हात आतून. एसीच्या झोतात ठेवायची नाही. थंडीत घाबरायचं नाही: हवा एक अंशाने गार झाली की बासरी सुमारे तीन सेंट उतरते, म्हणजे मे महिन्याच्या दुपारी जुळलेली बासरी जानेवारीच्या पहाटे चांगलीच खाली लागते. दहा मिनिटं वाजवली की श्वासाने तापून वर येते. तोवर तानपुराच थोडा उतरवून घ्यायचा.

माझा सराव पहाटे साडेपाचला असतो, आधी पंधरा मिनिटं खर्ज, म्हणजे मंद्र सप्तकातले लांब सूर. खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे, म्हणून सुरुवातीला मी खिडक्या लावून घ्यायचे. एक दिवस बाळाची आई जिन्यात भेटली. मी आधीच माफी मागायला लागले, तर म्हणाली, "काकू, काल वाजवली नाहीत का? आमचं उठलं लवकर." आता खिडकी उघडी असते.

भाचीची मुलगी नऊ वर्षांची आहे. दिवाळीत आली होती, तेव्हा तिने माझी पांढरी तीन उचलून बघितली, तिची बोटं चौथ्या छिद्रापर्यंतच पोचली. मी तिचे दोन्ही पंजे कागदावर ठेवून पेन्सिल फिरवून घेतली आहे. ती डावखुरी आहे, तेही कोपऱ्यात लिहून ठेवलंय. कागद पर्समध्ये आहे. येत्या शनिवारी वर्ग सुटला की येताना भांडुपला उतरून काकांना दाखवणार आहे.